मुलांचा घटस्फोट होतोय, आईवडिलांनी कुठे उभं राहायचं?

‘मुलगी सामान घेऊन आली आहे. पोलिसांत जायचं की चार दिवस थांबायचं?’ ‘फ्लॅट आमच्या नावावर आहे, तरी सून निघायला तयार नाही. काय करता येईल?’ ‘नातू महिन्यातून एकदा तरी भेटेल ना?’ लग्न मोडत असलेल्या मुलांच्या आईवडिलांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. कोथरूड असो की हडपसर, मजकूर फारसा बदलत नाही. बहुतेकांच्या सांगण्यात केस लढवणारे आईवडीलच असतात. ज्याचा संसार आहे तो मुलगा किंवा मुलगी शेवटी कुठेतरी डोकावते.

घटस्फोटाच्या अर्जावर नावं दोनच असतात. पक्षकार तुमचं मूल आहे, तुम्ही नाही. एवढं मनाशी पक्कं केलंत की पुढचे अर्धे गोंधळ आपोआप मिटतात. तुमच्या हातात जे आहे तेही थोडं नाही: घर, पैसा, नातवंडं आणि स्वतःची जीभ.

बातमी कळल्यावर

पहिला प्रश्न एकच विचारा: जिवाला धोका आहे का? मारहाण, धमक्या, उपाशी ठेवणं, जीव द्यावासा वाटणं, यातलं काहीही असेल तर मुलीला किंवा मुलाला आधी घरी आणा. चर्चा नंतर.

‘कळ काढ, होईल सगळं नीट’ म्हणून मुलीला परत नांदायला पाठवण्याची आपली सवय जुनी आहे. १९८२मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुढे खटल्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४मध्ये पतीला निर्दोष सोडलं, पण त्या प्रकरणाने शहर हललं आणि नारी समता मंचाचं काम त्यातून उभं राहिलं. मे २०२५मध्ये मुळशीतल्या एका सुनेच्या मृत्यूनंतर महाराष्ट्राने पुन्हा तोच प्रश्न विचारला: माहेरच्यांना कळत होतं, तर तिला आणलं का नाही? त्या प्रकरणाचा निकाल न्यायालय देईल. तुम्ही दार उघडं ठेवायला निकालाची वाट पाहायची नसते.

धोका नसेल तर घाई नको. या दिवसांत काय टाळायचं ते सांगतो:

- व्याह्यांना रागाच्या भरात फोन करू नका. जावयाच्या किंवा सुनेच्या ऑफिसात तर मुळीच नाही.
- नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळसुद्धा लिहू नका. ती ओळ स्क्रीनशॉट होऊन कोर्टात येते.
- फोनवर जपून बोला. नवरा-बायकोचं चोरून रेकॉर्ड केलेलं संभाषणही घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये म्हटलं आहे. मग सासूच्या किंवा सासऱ्याच्या फोनची काय कथा!
- ‘आम्ही तेव्हाच सांगत होतो’ हे वाक्य गिळून टाका. प्रेमविवाह असेल तर दोनदा.
- कोणी विचारलं तर ‘सध्या ती आमच्याकडे आहे’ इतकंच सांगा. सोसायटीत, ज्येष्ठ नागरिक संघात किंवा सकाळच्या फिरायच्या मंडळींत याहून जास्त सांगायची गरज नसते. लोक चार दिवस बोलतात आणि मग दुसऱ्या कोणाबद्दल बोलू लागतात.

मोठ्या माणसांची बैठक

दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसवून ‘मिटवून टाकू’ हा आपल्याकडचा लाडका उपाय. माझं मत स्पष्ट आहे: दागिने, सामान, कागदपत्रं यांची देवाणघेवाण ठरवायला बैठक उपयोगी पडते, संसार टिकवायला नाही. दहा जण हॉलमध्ये बसले की नवरा-बायको बोलायचं थांबतात आणि मामा, काका, आत्या बोलू लागतात. बैठक घ्यायचीच तर प्रत्येक बाजूने एकच शांत माणूस असावा आणि विषय आधी लिहून ठेवावेत. मुलाने किंवा मुलीने ‘नको’ म्हटलं तर घेऊच नका.

अशा बैठकीत स्टँपपेपरवर ‘सोडचिठ्ठी’ लिहून नोटरीचा शिक्का मारून घेतात. त्याने कायदेशीर घटस्फोट होत नाही. हिंदू विवाह कायद्याने रूढीने होणारा घटस्फोट मान्य ठेवला आहे, पण ती रूढी त्या समाजात पूर्वापार आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. नुसत्या कागदावर विसंबून दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरू शकतं.

जाता जाता: ‘आमच्याकडे असलं काही नव्हतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी. महाराष्ट्रातल्या कितीतरी समाजांत काडीमोड आणि पाट शतकानुशतकं चालत आले. सयाजीरावांच्या बडोद्यात १९३१मध्ये आणि मुंबई प्रांतात १९४७मध्येच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला होता. नव्हतं ते आपल्या चार घरांत.

कोर्टात तुमचं काम किती

पुण्याचं कौटुंबिक न्यायालय शिवाजीनगरला आहे. दोघांचं एकमत असेल तर परस्पर संमतीचा मार्ग सर्वांत कमी त्रासाचा. तो साधारण असा जातो:

1. दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. एका छपराखाली राहूनही संसार बंद असेल तर ते वेगळं राहणंच धरतात.
2. दोघांच्या सहीने अर्ज दाखल होतो. पोटगी, सामान, मुलांचा ताबा हे सगळं संमतीच्या अटींत लिहायचं.
3. सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा संमती द्यायची. दीड वर्ष वेगळं राहून झालं असेल आणि सगळ्या अटी ठरल्या असतील, तर हा सहा महिन्यांचा काळ माफ करता येतो. सर्वोच्च न्यायालयाचा तसा निर्णय २०१७चा आहे.
4. हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते. म्हणून दुसऱ्या तारखेच्या आदल्या रात्री मुलाला ‘अजून पाच लाख कमी करून घे’ म्हणून टोचू नका. ठरलेलं सगळं तिथेच फिस्कटतं.

लग्नाला वर्ष झालं नसेल तर अपवादात्मक परिस्थिती सोडून घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. हे माहीत नसल्याने कित्येक आईवडील आठव्या महिन्यात वकिलांकडे खेटे घालतात.

एकमत नसेल तर आरोप, पुरावे, उलटतपासणी आणि वर्षं. दोन्ही प्रकारांत न्यायालयाचे विवाह समुपदेशक आधी नवरा-बायकोशी बोलतात. त्या खोलीत तुम्ही नसता आणि नसावंच. त्यांनी बोलावलं तर जा, विचारलं तेवढंच सांगा. मुलाला तारखेला सोबत हवी असेल तर बाहेर बसा. डबा न्या, पण मत नेऊ नका. सुनावणी बंद दाराआड होऊ शकते, त्यामुळे आत काय झालं हे त्याने सांगितलं तरच ऐका.

वकिलाची फी तुम्ही देत असाल. तरी वकील मुलाचा आहे. त्याला परस्पर फोन करून ‘आमच्या मुलाला हे सांगू नका, पण…’ अशी सुरुवात करू नका. हिंदू नसलेल्या किंवा नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्या जोडप्यांचे कायदे वेगळे आहेत. मुदती आणि कारणं त्यांच्या वकिलाकडून समजून घ्या.

मुलगी परत आली असेल तर

तिला खोली द्या आणि त्या खोलीची किल्ली द्या. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण पस्तिशीची, नोकरी करणारी बाई पुन्हा ‘किती वाजता येणार’ या प्रश्नाखाली आली की सासर गेलं आणि सासुरवास राहिला असं होतं. भाऊ-भावजय त्याच घरात असतील तर खर्चाचं आणि जागेचं त्यांच्याशी पहिल्या महिन्यातच मोकळेपणी बोलून घ्या. कुरबुरीची वाट पाहू नका.

स्त्रीधनाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. लग्नात तिला मिळालेले दागिने आणि भेटी, माहेरच्या असोत की सासरच्या, तिच्या एकटीच्या मालकीच्या आहेत. नवऱ्याच्या नाहीत, सासूच्याही नाहीत. आणि वडिलांच्याही नाहीत! मुलगी हयात आणि सज्ञान असताना तिच्या अधिकाराशिवाय वडील तिचं स्त्रीधन सासरहून मागू शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४मध्ये सांगितलं. तेव्हा मागणी तिच्या सहीने होऊ द्या. तुम्ही पुरावे गोळा करा:

- सराफाच्या पावत्या, लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ, बँकेतून काढलेल्या रकमांच्या नोंदी.
- वस्तूंची यादी. लग्नात भेटवस्तूंची सह्यांची यादी ठेवावी असा नियम १९८५पासून आहे. मंगल कार्यालयात तो कोण पाळतं म्हणा! आता आठवून लिहा, पण फुगवू नका. एक खोटी नोंद सापडली की खऱ्या दहांवरही शंका घेतली जाते.
- हुंडा दिला असेल तर वकिलाला तो आकडा खरा सांगा. देणं हाही गुन्हा आहे, म्हणून तक्रारीत काय आणि कसं लिहायचं हे आधी ठरवावं लागतं.

घटस्फोटाने माहेरच्या वारशातला तिचा वाटा कमीही होत नाही आणि वाढतही नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत ती भावाइतकीच हक्कदार आहे. तुमच्या स्वकष्टाच्या घराचं काय करायचं ते मृत्युपत्रात लिहा. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी ऐच्छिक आहे.

केंद्र सरकारच्या पेन्शनवर असलेल्यांनी पुढचं नीट वाचा. खडकी आणि देहूरोडचे कारखाने, खडकवासल्याचं जल आणि विद्युत संशोधन केंद्र, डीआरडीओ, अशा ठिकाणांहून निवृत्त झालेली किती तरी घरं पुण्यात आहेत. तुमच्यावर अवलंबून असलेल्या घटस्फोटित मुलीला तुम्हा दोघांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे. घटस्फोटाचा दावा तुमच्यापैकी एकाच्या तरी हयातीत दाखल झाला असेल तर हुकूम नंतर आला तरी चालतं, असा २०१७चा आदेश आहे. म्हणजे ‘कोर्टबिर्ट नको, नुसती वेगळी राहील’ असं वर्षानुवर्षं चालू ठेवलं आणि दावाच दाखल झाला नाही, तर तिचा हक्क बुडू शकतो. राज्य सरकारच्या पेन्शनचे नियम वेगळे आहेत, ते कोषागारात विचारा.

मुलाचे आईवडील असाल तर

सुरुवात फ्लॅटपासून करू. घर तुमच्या एकट्याच्या नावावर असलं तरी सून तिथे कुटुंबाचा भाग म्हणून राहत असेल, तर ते कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ‘सामायिक घर’ ठरू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने हे ऑक्टोबर २०२०मध्ये स्पष्ट केलं. कुलूप बदलणं, सामान जिन्यात ठेवणं, वीज तोडणं यातलं काहीही केलंत तर तुम्हीच अडचणीत याल. तुमची तब्येत, वय, रोजची भांडणं ही खरी कारणं असतील तर ती कोर्टासमोर मांडा. तिच्यासाठी दुसऱ्या जागेची किंवा भाड्याची सोय करून मार्ग निघू शकतो. ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जायचा सल्ला अनेक जण देतात. छळ खरा असेल तर तो तुमचा हक्कच आहे, पण केवळ सुनेला बाहेर काढायचं हत्यार म्हणून तो वापरता येत नाही. हा निर्णयही २०२०चाच, डिसेंबरचा.

छळाच्या तक्रारीत तुमचं नाव आलं तर घाबरून गावाला निघून जाऊ नका. पूर्वीचं ४९८-अ कलम आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे. अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्येच बजावलं आहे. नेमका प्रसंग न सांगता घरातल्या सगळ्यांची नावं गोवलेल्या तक्रारींबद्दलही न्यायालयाने वेळोवेळी नापसंती नोंदवली आहे. नोटीस आली की वकिलाबरोबर हजर राहा. आणि तक्रारीत तथ्य असेल, तुमच्या घरात तिला खरोखर त्रास झाला असेल, तर ते निदान एकमेकांजवळ कबूल करा. तडजोडीचा रस्ता तिथूनच निघतो.

आणखी तीन गोष्टी.

- तिचे दागिने तुमच्या लॉकरमध्ये असतील तर वकिलांसमोर, यादी करून, फोटो काढून, पोच घेऊन परत करा. ‘केस मिटल्यावर देऊ’ हा हिशेब उलटतो.
- पोटगी मुलाच्या उत्पन्नावरून ठरते, तुमच्या पेन्शनवरून नाही. २०२०पासून दोघांना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तुमचा औषधपाण्याचा खर्च मुलगा करत असेल तर त्याची बिलं त्याला द्या. पगार लपवायला मात्र मदत करू नका.
- दावा सुरू असताना मुलाचा फ्लॅट घाईघाईने बक्षीसपत्राने आपल्या नावावर घेऊ नका. कोर्टाला ती पळवाट दिसते. गृहकर्जात तुम्ही सहकर्जदार असाल तर घटस्फोटाने तुमची सुटका होत नाही. हप्ता कोण भरणार हे अटींत लिहून घ्या आणि बँकेशी वेगळं बोला.

नातवंडं

कोर्ट ताबा ठरवताना मुलाचं हित पाहतं. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. आजी-आजोबांना भेटीचा वेगळा, ठळक हक्क आपल्या कायद्यात लिहिलेला नाही. म्हणून सर्वांत सोपा उपाय संमतीच्या अटींतच आहे. ‘वडिलांना भेटीचा हक्क’ एवढं लिहून थांबू नका. गणपतीचा एक दिवस, दिवाळीची अर्धी सुट्टी, मे महिन्यातले दोन आठवडे, आजीचा रविवारचा व्हिडिओ कॉल, असं नेमकं लिहायला मुलाला सुचवा. पालकाला रोज थोडा वेळ तरी फोनवर किंवा व्हिडिओवर मुलाशी बोलता यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या एका निकालात म्हटलंच आहे. त्या वेळेत आजी-आजोबांची दोन मिनिटं बसतात.

भेट कोर्टाच्या आवारात ठरली असेल तर ती तासाभराची असते. तो तास बापाचा किंवा आईचा आहे. तुम्ही चकल्यांचा डबा, तीन काका आणि मोबाइलचा कॅमेरा घेऊन गेलात की मूल भांबावतं आणि समोरच्या पक्षाला तक्रारीला जागा मिळते.

मुलासमोर हे करू नका:

- ‘आई काय म्हणते आमच्याबद्दल?’ असं विचारणं.
- ‘कोणाकडे राहायचंय तुला?’ हे विचारून उत्तर रेकॉर्ड करणं.
- निरोप, पैसे किंवा कागद मुलाच्या हातून पाठवणं.
- ठरलेल्या वेळेबाहेर शाळेच्या फाटकाशी जाऊन त्याला घेऊन येणं. प्रेमाने केलं तरी कोर्टात त्याचा अर्थ वेगळा लागतो.

नातवंड तुमच्या घरी असेल तर दुसऱ्या बाजूचे आजी-आजोबाही तुमच्यासारखेच फोनकडे डोळे लावून बसलेले असतात, हे विसरू नका. त्यांचा कॉल लावून द्या. ताबा असलेला पालक दगावला किंवा दोघंही मूल सांभाळायला असमर्थ असले, तर तुम्हाला १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली स्वतः अर्ज करता येतो. एक व्यवहाराची गोष्ट: मुलगा हयात असताना नातू तुमच्या स्वकष्टाच्या मालमत्तेचा थेट वारस नसतो. त्याच्यासाठी काही ठेवायचं असेल तर मृत्युपत्रात नावानिशी लिहा.

मूल परदेशात असेल तर

‘नातीला काही दिवस पुण्यात ठेवून घेऊ, तिकडचं कोर्ट इथे काय करणार?’ हा सल्ला देणारे बरेच भेटतील. ऐकू नका. आंतरराष्ट्रीय बालअपहरणाविषयीच्या १९८०च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही हे खरं. पण दुसरा पालक मुंबई उच्च न्यायालयात मुलाला हजर करण्याची याचिका करू शकतो, आणि तुमच्या मुलावर तिकडे फौजदारी गुन्हा नोंदला जाऊ शकतो. नातवंडाचा पासपोर्ट दडवून ठेवणं हाही त्याच जातीचा उद्योग.

परदेशातल्या घटस्फोटाचा हुकूम इथे प्रत्येक वेळी चालतोच असं नाही. दोघांनी तिथल्या कोर्टाचा अधिकार मान्य केला होता का आणि कारण आपल्या कायद्यात बसतं का, हे पाहिलं जातं. एकतर्फी हुकूम असेल तर इथलं दुसरं लग्न ठरवण्याआधी वकिलाला दाखवा. मुलाचं मुखत्यारपत्र तुमच्याकडे असेल तर तारखांना जाणं सोपं होतं, पण तडजोडीचा आकडा त्याने स्वतः लेखी कळवल्याशिवाय मान्य करू नका.

पुढचं लग्न

हुकूम झाल्याच्या आठवड्यात पत्रिका काढू नका. लढून मिळालेल्या हुकुमावर अपिलाची मुदत असते. ती संपेपर्यंत किंवा अपील निकाली निघेपर्यंत दुसरं लग्न करता येत नाही. नंतरही विवाह मंडळात नाव नोंदवायचं की नाही, हे मुलाने किंवा मुलीने ठरवायचं. स्थळ आलं तर घटस्फोट झाल्याचं पहिल्याच फोनवर सांगा. दरम्यान विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि बँक खात्यांवरचं नामनिर्देशन बदलायची आठवण मात्र खुशाल करा. घटस्फोट झाला म्हणून ते आपोआप बदलत नाही.

मदत कुठे मिळेल

- तातडीचा धोका: पोलिसांसाठी ११२, महिलांसाठी १८१.
- पुणे पोलिसांचा भरोसा सेल: महिला आणि ज्येष्ठ नागरिक, दोघांच्याही तक्रारी.
- मोफत वकील: शिवाजीनगर न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, दूरध्वनी १५१००. महिलांना उत्पन्नाची अट नाही.
- समुपदेशन: नारी समता मंचाचं ‘बोलते व्हा’ केंद्र. पुरुषांसाठी संस्थेने २००८मध्ये पुरुष संवाद केंद्रही सुरू केलं. मुलगा गप्प झाला असेल तर हा पत्ता त्याच्या हातात द्या, स्वतः अपॉइंटमेंट घेऊ नका.
- ज्येष्ठांसाठी: एल्डरलाइन १४५६७.
- झोप उडाली असेल, निराशा जात नसेल तर टेलिमानस १४४१६. ही सोय मुलांइतकीच तुमच्यासाठीही आहे.